शब्द मागे, आवाज आणखी मागे : १९९१मधले माझे पाच अल्बम

१९९२च्या सुरुवातीला 'विअर्ड अल' यांकोविक या अमेरिकन विडंबनकाराला निर्वाना या बँडच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याचे विडंबन करायचे होते. परवानगीसाठी त्याने कर्ट कोबेनला फोन केला. यांकोविकची बरीच विडंबने खाण्याच्या पदार्थांवर असत, म्हणून कोबेनने विचारले, हेही तसेच असणार का? यांकोविक म्हणाला, नाही. तुमच्या गाण्यातले शब्द कुणालाच कळत नाहीत, यावर असणार. कोबेनने ताबडतोब होकार दिला. ही हकिगत यांकोविकने पुढे अनेकदा सांगितली आहे आणि विनोद म्हणूनच ती सांगितली जाते. मला मात्र ती त्या वर्षाच्या संगीताची किल्ली वाटते. गाण्यातले शब्द कळत नाहीत ही तक्रार गायकाने आपल्या कामाचे नेमके वर्णन म्हणून मान्य केली होती.

मराठी श्रोत्याला हे सहज पचणारे नाही. आपला कान भावगीतावर, अभंगावर, नाट्यपदावर घडलेला आहे. यशवंत देवांनी तर आपल्या पुस्तकाला नावच 'शब्दप्रधान गायकी' असे दिले. आकाशवाणीवर गाणे लागण्याआधी गायक आणि संगीतकाराबरोबर कवीचेही नाव सांगितले जाते. शब्द स्वच्छ पोचला पाहिजे, ही आपल्याकडे गायकाला घातलेली पहिली अट. दुसऱ्या बाजूला आपण ख्यालही ऐकतो. तिथे बंदिशीच्या दोन ओळी तासभर पुरतात आणि आलापात त्यांतले शब्द विरघळून जातात, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. म्हणजे शब्दाविना ऐकण्याची सवय आपल्याला आहे. फक्त ती आपण शास्त्रीय संगीताच्या खोलीत ठेवून दिली आहे.

या लेखात मी १९९१ या एका वर्षातले माझे पाच आवडते अल्बम घेतले आहेत : निर्वानाचा 'नेव्हरमाइंड', माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस', मॅसिव्ह अटॅकचा 'ब्लू लाइन्स', स्लिंटचा 'स्पायडरलँड' आणि टॉक टॉकचा 'लाफिंग स्टॉक'. पाचांचे प्रकार वेगळे, शहरे वेगळी, श्रोतेही वेगळे. त्यांना एका यादीत बसवणारी गोष्ट माझ्या मते एकच आहे. गाणाऱ्या आवाजाची रॉक आणि पॉप संगीतातली मधली, उंच जागा या पाचांनीही हलवली. आवाज कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यांनी चालीत न सोडवता ध्वनिमिश्रणाच्या टेबलावर सोडवला.

नावे उशिरा येतात

या संगीताला 'अल्टरनेटिव्ह', म्हणजे पर्यायी, म्हणण्याची पद्धत आहे. हा पर्याय कशाला, याचे उत्तर दरवेळी वेगळे मिळते. ग्रॅमी पुरस्कारांत या नावाचा स्वतंत्र विभाग प्रथम आला तो १९९१च्या फेब्रुवारीतल्या सोहळ्यात. पहिला पुरस्कार शिनेड ओकॉनर हिला जाहीर झाला आणि तिने त्यावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी त्याच विभागात 'नेव्हरमाइंड'ला मागे टाकून आर.ई.एम.चा 'आउट ऑफ टाइम' जिंकला. संस्थेने पर्यायाला अधिकृत खण करून दिला, तो नेमका पर्याय बाजाराच्या मध्यभागी येऊन बसण्याच्या वर्षी.

उपप्रकारांची नावे तर आणखी मजेशीर. 'स्पायडरलँड' आणि 'लाफिंग स्टॉक' यांना आज सर्रास 'पोस्ट-रॉक'चे आद्य ग्रंथ म्हटले जाते. पण ही संज्ञा सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने रूढ केली ती १९९४ साली. 'ब्लू लाइन्स'वर लावले जाणारे 'ट्रिप-हॉप' हे लेबलही १९९४चे. 'लव्हलेस'ला चिकटलेले 'शूगेझ' हे नाव आधीचे, पण ते ब्रिटिश पत्रकारांनी चेष्टेने दिलेले : रंगमंचावर हे वादक प्रेक्षकांकडे न पाहता पायाजवळच्या पेडलांकडे, म्हणजे जणू स्वतःच्या बुटांकडे बघत उभे असत. त्यामुळे १९९१च्या डिसेंबरात वर्षाची यादी करणाऱ्या कुणालाही आजचे खण उपलब्ध नव्हते. प्रकाराच्या नावाने ऐकायला बसले, की ज्यांना ते नाव माहीतच नव्हते त्यांच्या हेतूंचा अंदाज चुकतो. म्हणून मी प्रकार बाजूला ठेवून आवाजाची जागा हा निकष घेतो.

वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या पुस्तकात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर त्यांचा तोल साधणारे. ही मांडणी सगळ्यांना पटली असे नाही. पण तिचा फायदा असा, की घराण्याचे नाव आणि वंशावळ विसरून गाण्यात काय पुढे आहे आणि काय मागे आहे, हे ऐकता येते. तसाच एक साधा दांडा मी इथे वापरतो आहे. एका टोकाला सर्वांच्या पुढे उभा असलेला, शब्द स्पष्ट उच्चारणारा आवाज. दुसऱ्या टोकाला वाद्यांच्या आत हरवलेला, केवळ नाद होऊन राहिलेला आवाज.

ओरडूनही न पोचणारा

'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबर १९९१ रोजी बाजारात आला. पहिल्या खेपेला अमेरिकेत जेमतेम शेहेचाळीस हजार प्रती पाठवल्या होत्या. ११ जानेवारी १९९२च्या 'बिलबोर्ड' यादीत त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. आपल्याकडे हे गाणे पोचले ते बहुतेक दृश्यासह : स्टार टीव्ही आणि एमटीव्ही एशिया ही दोन्ही १९९१च्या ऑगस्ट-सप्टेंबरातली अपत्ये.

दांड्यावर हा अल्बम स्पष्ट आवाजाच्या टोकाला सगळ्यात जवळ आहे. आवाज पुढे आहे, मोठा आहे, आणि तरी शब्द पोचत नाहीत. कोबेन व्यंजने गिळतो, स्वर ताणतो, ओळीचा शेवट फाडून टाकतो. कडव्यात दबलेले गिटार आणि ध्रुवपदात फुटणारा आवाज, ही रचना मर्ढेकरांच्या भाषेत निखळ विरोधलय. अर्थ शब्दातून न येता हळू आणि मोठ्या यांच्यातल्या अंतरातून येतो.

या अल्बमची खरी गोष्ट मात्र मिश्रणाची आहे. निर्माता बुच व्हिग याला कोबेनचा आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवायचा होता. कोबेनला ते खोटे वाटे. जॉन लेननही तसे करायचा असे सांगून व्हिगने त्याला राजी केले. अँडी वॉलेसने केलेले अंतिम मिश्रण इतके गुळगुळीत झाले, की कोबेनने नंतर उघड नापसंती दाखवली. पुढचा 'इन युटेरो' (१९९३) त्याने स्टीव्ह अल्बिनीकडे नेला. अल्बिनीने आवाज वाद्यांच्या पातळीवर खाली ठेवला. त्यावर कंपनी नाराज झाली आणि दोन प्रमुख गाणी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मिश्रित करून घेण्यात आली. त्यांत आवाज वर आला. गायकाचा आवाज किती वर ठेवायचा, यावरून कोट्यवधींचा व्यवहार असलेली कंपनी आणि बँड यांच्यात ताण यावा, इतके ते महत्त्वाचे होते. मी याला तांत्रिक तपशील मानत नाही. विकायचे काय आहे, माणसाचा चेहरा की चार वाद्यांचा एकत्रित आवाज, हा तो वाद होता.

झोपेतला आवाज

'लव्हलेस' (४ नोव्हेंबर १९९१) मिश्रणाचा हा प्रश्न दुसऱ्या टोकाला नेतो. लंडनच्या आसपासच्या एकोणीस स्टुडिओंत, १९८९च्या फेब्रुवारीपासून १९९१च्या शरदापर्यंत काम चालले. खर्चाचे अडीच लाख पौंडांचे आकडे सांगितले जातात, पण केव्हिन शील्ड्सने ते मान्य केलेले नाहीत. ब्रिटनच्या यादीत अल्बम चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. बँडचा पुढचा अल्बम यायला २०१३ साल उजाडले.

शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात सैल धरून छेडतो, त्यामुळे वाजणारा प्रत्येक स्वरसमूह सतत किंचित खालीवर घसरत राहतो. दरबारीचा आंदोलित गंधार ऐकलेल्या कानाला हे ओळखीचे वाटेल. पण फरक मोठा आहे. तिथे एक स्वर रागाने आखून दिलेल्या मर्यादेत झुलतो, इथे सगळी जमीनच हलते. या हलत्या जमिनीखाली बिलिंडा बुचर आणि शील्ड्स गातात. दोघांचे आवाज इतके मऊ आणि इतके मागे, की अनेकदा स्त्री कोण, पुरुष कोण हे कळत नाही. बुचरने सांगितले आहे, की तिला बरेचदा सकाळी झोपेतून उठवून गायला लावले जाई. ते ऐकू येते. जागेपणी कुणी इतके बेसावध गात नाही.

इथे मराठी वाचकाला दुर्बोधतेचा जुना वाद आठवेल. मर्ढेकरांवर, ग्रेसांवर ती तक्रार झाली. पण त्या कवितांत शब्द समोर छापलेला असतो. लपलेला असतो तो अर्थ. वाचक थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, शब्दकोश उघडू शकतो. 'लव्हलेस'मध्ये शब्दच हाती लागत नाही. म्हणून याला दुर्बोध म्हणणे चूक आहे. इथे बोध व्हावा अशी अपेक्षाच नाही. शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीतून येते तेव्हा आपल्याला बोलण्याचा सूर कळतो, कोण रागावले आहे आणि कोण समजूत घालते आहे ते कळते, वाक्ये कळत नाहीत. इतकेच कळणे या अल्बमला पुरेसे वाटते. मलाही वाटते.

पाहुण्यांचे घर

ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकचा 'ब्लू लाइन्स' (८ एप्रिल १९९१) वेगळ्या वाटेने जातो. इथे घुमणारा बास पुढच्या रांगेत बसतो आणि रॅप कुजबुजीच्या पातळीवर उतरतो. न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये शब्द हे शस्त्र होते. इथे रॉबर्ट डेल नाजा, ग्रँट मार्शल आणि पाहुणा ट्रिकी रात्री उशिरा आपसांत बोलल्यासारखे बोलतात.

या अल्बमशी आपले एक अप्रत्यक्ष नातेही आहे. पहिल्या गाण्याचा कणा बिली कॉबमच्या 'स्ट्रेटस'मधून उचललेला आहे, आणि 'अनफिनिश्ड सिम्फनी' नव्हे तर 'अनफिनिश्ड सिम्पथी' असे शाब्दिक कोटीचे नाव असलेल्या गाण्यातला हाकारा महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या एका मुद्रणातला. कॉबम याच ऑर्केस्ट्राचा ड्रमवादक होता, आणि ती उभी करणारा जॉन मॅकलॉफलिन पुढे झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती'त आला. शिवाय नुसरत फतेह अली खान यांच्या 'मस्त मस्त'चे गाजलेले नवे मिश्रण मॅसिव्ह अटॅकचेच. आपल्यातल्या अनेकांनी त्यांचे नाव ऐकण्यापूर्वी त्यांचा हात ऐकलेला आहे.

पण 'अनफिनिश्ड सिम्पथी' माझ्या सिद्धांताला अडचणीत आणते, आणि ती अडचण टाळता येत नाही. त्यात शारा नेल्सन पूर्ण गळ्याने, अगदी पुढे उभी राहून गाते, आणि तेच या अल्बममधले सर्वांत थोर गाणे आहे. मागे ढकललेला आवाज म्हणजेच प्रगत आवाज, असे मी म्हणालो असतो तर हे एक गाणे मला खोटे पाडायला पुरे होते. त्यातून उलट दुसराच प्रश्न उभा राहतो. हे घर तीन निर्मात्यांचे आहे आणि गायक इथे पाहुणे आहेत. नेल्सन या अल्बमनंतर बाहेर पडली आणि १९९३ साली तिने स्वतःचा अल्बम काढला. बँड राहिला, आवाज बदलत गेले. आवाज हे एक वाद्य मानले, की ते वाद्य बदलताही येते.

हाच प्रश्न मी 'लव्हलेस'लाही विचारतो. चौघांच्या बँडमध्ये बहुतेक सर्व गिटार आणि बास शील्ड्सनेच वाजवले. ड्रमवादक आजारी असल्याने त्याच्या वादनाचे तुकडे साठवून त्यांतून ताल रचला गेला. अंतिम आवाज एका माणसाच्या कानातून गाळून निघाला. आवाज मागे गेला म्हणजे सत्ता नाहीशी झाली असे नाही. ती गायकाच्या हातून मिश्रण करणाऱ्याच्या हातात गेली. या संगीताचे कौतुक करताना, मीही करतो, हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

बोलणे, आणि एकदाच ओरडणे

'स्पायडरलँड' (२७ मार्च १९९१) हा केंटकीतल्या लुईव्हिलच्या चार विशीतल्या मुलांचा अल्बम. ऑगस्ट १९९०मध्ये शिकागोत अवघ्या काही दिवसांत मुद्रित झाला, आणि बाजारात येईपर्यंत बँड मोडलाही होता. मलपृष्ठावर मात्र इच्छुक गायिकांनी पत्र लिहावे अशी सूचना छापलेली राहिली. त्यांचा आधीचा अल्बम अल्बिनीने मुद्रित केला होता. या अल्बमवर त्याने एका ब्रिटिश साप्ताहिकात परीक्षण लिहिले आणि सरळ दहा तारे दिले. त्या काळी ते वाचून फार कुणी दुकानात धावले नाही.

सहा गाणी, चाळीसेक मिनिटे. ब्रायन मॅकमहान बहुतांश गात नाही, बोलतो, आणि तेही इतक्या खालच्या आवाजात, की ध्वनिपातळी वाढवून ऐकावे लागते. पहिल्याच गाण्यात एक जण जत्रेत जातो, भविष्य सांगणाऱ्या बाईला भेटतो. त्याखाली गिटारची सात मात्रांची चाल. रूपकाला सरावलेल्या आपल्या कानाला सात मात्रा नवख्या नाहीत. पण रॉकच्या चौकोनी चालीत ती एक मात्रा कमी पडल्याची हुरहुर सतत राहते. निवेदकाच्या सपाट आवाजातली अस्वस्थता त्या हुरहुरीतून येते.

शेवटच्या 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'मध्ये, सबंध अल्बमभर दाबून ठेवलेला आवाज अखेर फुटतो. बुडालेल्या जहाजातून वाचलेला माणूस दारात उभा आहे आणि शेवटी तो किंचाळतो. कोबेनच्या प्रत्येक ध्रुवपदात किंकाळी आहे. इथे तिच्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ खर्च झाला आहे. दोन्ही खऱ्या आहेत, पण दुसरी विसरता येत नाही. आवाज मागे ठेवणे ही निव्वळ धूसरपणाची हौस नाही, याचा माझ्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ही शेवटची काही मिनिटे.

शांततेचा खर्च

उरला 'लाफिंग स्टॉक' (१६ सप्टेंबर १९९१), माझ्या यादीत पहिला. टॉक टॉक हा ऐंशीच्या दशकातला यशस्वी पॉप बँड. मग मार्क हॉलिसने अशी वाट धरली, की त्यांच्या कंपनीने 'स्पिरिट ऑफ ईडन' व्यापारी दृष्ट्या समाधानकारक नाही म्हणून कोर्टात धाव घेतली. त्यानंतरचा हा अल्बम जाझच्या मुद्रणांसाठी ख्यातनाम असलेल्या 'व्हर्व्ह'च्या नावाने निघाला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत खिडक्या झाकून, घड्याळे काढून, अंधारात कित्येक महिने मुद्रण झाले. सुमारे पन्नास वादक येऊन वाजवून गेले. अल्बमवर उरले अठरा.

सुरुवातीला वाद्य नाहीच. ऍम्प्लिफायरची नुसती घरघर. मग एकेक सूर येतो, थांबतो. हॉलिसचा आवाज येतो तेव्हा त्यातल्या शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात. एखादा शब्द हाताला लागतो, बाकीचे श्वासात मिसळतात. 'आफ्टर द फ्लड'मध्ये एकच स्वर मिनिटभर करवादत राहतो. दोन स्वर वाजवण्याआधी एक वाजवायला शिकावे, अशा अर्थाचे हॉलिसचे म्हणणे होते. षड्ज लावण्यात वर्षे घालवणाऱ्या आपल्या परंपरेला हे सांगावे लागू नये. तरीही किराणा घराण्याशी याची तुलना मी एका मर्यादेपर्यंतच नेईन. तिथला ठहराव गायकाच्या गळ्यात, त्या क्षणी घडतो. इथला ठहराव महिनोन्महिन्यांच्या मुद्रणातून कापून काढलेला आहे.

आणि म्हणूनच तो वगळलेल्या तीसेक वादकांचा हिशेब इथेही लागू होतो. त्यांनी वाजवलेले फुकट गेले का? मला तसे वाटत नाही, पण त्यांना तसे वाटले असेल तर त्यांच्याशी भांडता येणार नाही. फरक एवढाच दिसतो, की हॉलिसने ही कात्री स्वतःलाही लावली. त्याने आपला आवाज वाद्यांच्या रांगेत बसवला, आणि १९९८च्या एका एकल अल्बमनंतर तो संगीतातून जवळजवळ पूर्णपणे बाजूला झाला. २०१९मध्ये त्याचे निधन झाले. इतरांना मागे सारून आपल्याला पुढे ठेवणारे मिश्रण आणि स्वतःलाही मागे घेणारे मिश्रण यांत मी फरक करतो. माझा क्रम त्याच फरकावर ठरतो : 'लाफिंग स्टॉक', 'स्पायडरलँड', 'ब्लू लाइन्स', 'लव्हलेस', 'नेव्हरमाइंड'. शेवटच्याचा क्रमांक पाचवा आहे तो त्याच्या लोकप्रियतेमुळे नाही. त्यात आवाजाची जागा बँडने ठरवली की बाजाराने, हे अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही, यामुळे.

ज्या वाचकांनी यातले काहीच ऐकलेले नाही, त्यांनी माझ्या क्रमाने जाऊ नये. 'ब्लू लाइन्स'पासून सुरुवात करावी, कारण तिथे नेल्सनचा आवाज हात धरायला आहे. मग 'नेव्हरमाइंड', मग 'स्पायडरलँड', आणि शेवटचे दोन रात्री, सलग, शब्दांचा कागद समोर न घेता. पहिल्या ऐकण्यात काही उरले नाही तर बंद करावे आणि महिन्याने पुन्हा लावावे. ख्यालाच्या बाबतीत आपण नवशिक्याला हेच सांगतो.